स्विंग: कंपोनंट ॲड केला, तरी स्क्रीनवर दिसत नाही

जावा स्विंगमध्ये, म्हणजे विंडो आणि बटणं बनवायच्या जावाच्या लायब्ररीत, बिलाचा एक साधा फॉर्म आहे असं धरू. वस्तू, नग, दर आणि शेवटी ‘काढा’ बटण अशी एक ओळ, आणि वर ‘ओळ वाढवा’ बटण. ते दाबलं की खाली आणखी एक ओळ यायला हवी. दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. एक्सेप्शन नाही, कन्सोल कोरा. मग विंडोचा कोपरा धरून जरा ओढला, आणि मघापासून जितक्या वेळा बटण दाबलं होतं तितक्या ओळी एकदम हजर झाल्या.

स्विंगवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं. त्यावर ‘रिपेंट टाकून बघ’ असा सल्ला मिळतो आणि तो बहुतेक वेळा लागू पडत नाही. मग कोडमध्ये जागोजागी रिपेंट, व्हॅलिडेट, पॅक, सेटव्हिजिबल टाकून पाहिलं जातं. त्यातलं एखादं चालून जातं, पण कोणतं आणि का ते कळत नाही, त्यामुळे पुढच्या फॉर्मवर तोच त्रास पुन्हा होतो. म्हणून लक्षण बघून कारण कसं ओळखायचं ते इथे जरा सविस्तर सांगतो. मेथडची नावं देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगने टाका.

विंडो ओढल्यावर दिसतं, तोवर नाही

हे लक्षण चांगलं आहे, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. ओळी ॲड झाल्या होत्या, लिसनर (बटण दाबल्यावर चालणारा कोड) चालला होता. राहिली होती ती मांडणी.

‘न्यू’ करून बनवलेल्या कंपोनंटची (बटण, लेबल, पॅनेल असा विंडोतला कुठलाही घटक) रुंदी शून्य आणि उंचीही शून्य असते. त्याला जागा आणि आकार देण्याचं काम लेआउट मॅनेजरचं. विंडो पहिल्यांदा उघडते तेव्हा ही मांडणी आपोआप होते, म्हणून सुरुवातीला ॲड केलेलं सगळं व्यवस्थित दिसतं. एकदा विंडो स्क्रीनवर आली की ॲड ही मेथड कंपोनंट कंटेनरच्या (ज्यात बाकीचे कंपोनंट ठेवतात त्या पॅनेलच्या) यादीत घालते आणि ‘इथली मांडणी आता जुनी झाली’ अशी खूण करून थांबते. पुन्हा मांडणी करायला आपणच सांगावं लागतं, आणि ॲडच्या अधिकृत माहितीत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. विंडोचा कोपरा ओढला की आकार बदलतो, आकार बदलला की मांडणी पुन्हा होते, म्हणून ओळी तेव्हा दिसल्या.

आता नुसत्या रिपेंटने का होत नाही तेही यातून कळेल. रिपेंट म्हणजे आहे त्या जागी, आहे त्या आकारात पुन्हा रंगव. ज्याचा आकारच शून्य आहे त्याचं रंगवणार काय?

ओळींचेपॅनेल.ॲड(नवीओळ);
ओळींचेपॅनेल.रिव्हॅलिडेट();
ओळींचेपॅनेल.रिपेंट();

ज्या कंटेनरमध्ये ॲड केलं त्याच्यावरच रिव्हॅलिडेट करायचं. ते स्वतःहून वर चढत जातं आणि जेस्क्रोलपेन (स्क्रोलबार देणारी चौकट) किंवा जेरूटपेन (विंडोच्या आतली मूळ चौकट) यांसारखा मुक्काम लागला की तिथून खालची मांडणी नव्याने करायची नोंद करतं. फ्रेमपर्यंत धावत जायची गरज नसते. जुन्या कोडमध्ये फ्रेमवर व्हॅलिडेट केलेलं दिसतं, कारण जावा 7 च्या आधी रिव्हॅलिडेट फक्त जेकंपोनंटच्या घराण्यात होतं आणि जेफ्रेम, म्हणजे मुख्य विंडो, त्या घराण्यातली नाही. पन्नास ओळी एकदम घालायच्या असतील तर लूप संपल्यावर एकदा रिव्हॅलिडेट पुरे.

काढलेली ओळ स्क्रीनवर तशीच राहते

हे वरच्याच्या बरोबर उलट. मधली ओळ काढली तर खालच्या ओळी वर सरकतात आणि सरकताना स्वतःला रंगवून घेतात. पण शेवटची ओळ काढली तर बाकी कुणीच हलत नाही. मांडणी नव्याने झाली तरी कुणाचीही जागा बदललेली नसते, त्यामुळे तो भाग पुन्हा रंगवायचं कारणच उरत नाही आणि गेलेल्या ओळीचं चित्र तिथेच राहतं. इथे रिपेंट खरोखर हवं. म्हणून ॲड असो वा रिमूव्ह, रिव्हॅलिडेट आणि रिपेंट ही जोडी एकत्र वापरायची सवय ठेवावी.

सेटव्हिजिबल(फॉल्स) केल्यावर मात्र असं होत नाही. जेकंपोनंट दडवताना तेवढा भाग रंगवायला पालकाला सांगितलं जातं आणि रिव्हॅलिडेटही होतं. जेलेबलच्या सेटटेक्स्टमध्येही ही दोन्ही कामं आतच होतात. तेव्हा सेटटेक्स्टनंतर रिपेंट लिहूनही लेबल बदलत नसेल, तर तिसरं-चौथं रिपेंट लिहू नका. रोग दुसरीकडे आहे, आणि तो कुठे ते पुढे येईल.

रिव्हॅलिडेट लगेच काम करत नाही, तेही लक्षात ठेवा. ते फक्त नोंद करतं, मांडणी नंतर होते. त्यामुळे पुढच्याच ओळीत गेटहाइट विचारलं तर शून्य मिळतं, आणि नव्या ओळीपर्यंत स्क्रोल करायला गेलं तर स्क्रोल एक ओळ अलीकडेच थांबतो. स्क्रोलरेक्टटूव्हिजिबलची ती ओळ स्विंगयुटिलिटीजच्या इन्व्होकलेटरमध्ये घाला. मग ती मांडणी झाल्यानंतर चालते आणि नव्या ओळीचा खरा आकार तिला मिळतो.

दोन्ही लिहिलं, तरी जुनाच पॅनेल दिसतो

मला विचारले जाणारे सर्वात जास्त प्रश्न याच जागेवरचे असतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

डावीकडे मेनू, मध्ये पॅनेल. ‘ग्राहक’ दाबलं की ग्राहकांचा पॅनेल, ‘साठा’ दाबलं की साठ्याचा. कोडमध्ये फ्रेमला नवा पॅनेल ॲड केला, रिव्हॅलिडेट केलं, रिपेंट केलं. स्क्रीनवर जुनाच पॅनेल.

जेफ्रेमच्या कंटेंट पेनला (आपले कंपोनंट जिथे बसतात त्या आतल्या भागाला) मुळातच बॉर्डरलेआउट, म्हणजे चार कडा आणि मध्यभाग अशी मांडणी करणारा लेआउट मॅनेजर असतो, आणि जागा न सांगता ॲड केलं की कंपोनंट मध्यभागी जातो. बॉर्डरलेआउट प्रत्येक दिशेला एकच कंपोनंट लक्षात ठेवतो. दुसरा आला की तो पहिल्याला विसरतो आणि मांडणी फक्त दुसऱ्याची करतो. पण विसरला तो लेआउट मॅनेजर. कंटेनरच्या यादीत पहिला पॅनेल तसाच आहे, त्याचा जुना आकारही तसाच आहे. आणि रंगवताना स्विंग यादीच्या शेवटाकडून सुरुवात करतं, म्हणजे ज्याचा क्रमांक शून्य तो सगळ्यात शेवटी रंगवला जातो आणि सगळ्यांच्या वर बसतो. जो आधी आला तो वर. नवा पॅनेल पूर्ण आकारात, व्यवस्थित मांडलेला, जुन्याच्या खाली झाकलेला असतो.

खात्री करायची असेल तर विंडो मोठी करून बघा. जुना पॅनेल पूर्वीच्याच आकारात वरच्या डाव्या बाजूला चिकटून राहतो आणि वाढलेल्या जागेत, उजवीकडे व खाली, नव्या पॅनेलच्या कडा डोकावतात. हे चित्र दिसलं की निदान पक्कं. गेटकंपोनंटकाउंट छापून पाहिलं तर दर क्लिकला आकडा वाढत जाताना दिसेल.

उपाय सरळ आहे: आधी जुना रिमूव्ह करा, मग नवा ॲड करा. पण स्क्रीन कोणकोणते आहेत हे आधीच ठाऊक असेल तर माझं मत कार्डलेआउटच्या (एका वेळी एकच पॅनेल दाखवणारा लेआउट मॅनेजर) बाजूने आहे. सगळे पॅनेल एकदाच घालायचे आणि नाव देऊन शो म्हणायचं. अर्धवट भरलेला फॉर्म परत आल्यावर तसाच मिळतो, ही त्यातली मोठी सोय. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या: कार्डलेआउट आपला पसंतीचा आकार सर्वात मोठ्या कार्डावरून ठरवतो, त्यामुळे एक अवाढव्य पॅनेल घातला की पॅक केल्यावर सगळी विंडो तेवढी होते.

नेटबीन्स या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या डिझायनरमध्ये बनवलेला फॉर्म असेल तर आणखी एक अडचण येते. तिथे माउसने ओढून बनवलेल्या पॅनेलला ग्रुपलेआउट असतो. हा लेआउट मॅनेजर फक्त आपल्या आडव्या आणि उभ्या गटांत नोंदवलेल्या कंपोनंटांचीच मांडणी करतो. त्या पॅनेलवर नुसतं ॲड केलेलं बटण यादीत जातं, पण कोणत्याच गटात नसल्यामुळे त्याला आकार मिळत नाही. रिव्हॅलिडेट कितीही करा, शून्य ते शून्यच राहतं. अशा वेळी डिझायनरमध्ये एक रिकामा पॅनेल टाका, त्याचा लेआउट बदलून बॉर्डरलेआउट किंवा बॉक्सलेआउट करा, आणि जे काही चालू प्रोग्रॅममध्ये वाढवायचं ते त्या पॅनेलमध्येच वाढवा.

बदल होतो, पण भलत्याच ऑब्जेक्टमध्ये

पॉलिटेक्निकच्या प्रोजेक्टमध्ये हे फार दिसतं. दुसऱ्या विंडोत नोंद सेव्ह केली की मुख्य विंडोवरचं ‘एकूण’ लेबल बदलायला हवं. त्यासाठी दुसऱ्या विंडोच्या कोडमध्ये ‘न्यू मुख्यफॉर्म’ असं लिहून त्याच्या लेबलवर सेटटेक्स्ट केलेलं असतं. सेटटेक्स्ट होतं, अगदी बरोबर होतं. पण ते कधीच न दाखवलेल्या, आत्ताच जन्माला आलेल्या दुसऱ्याच मुख्य फॉर्मच्या लेबलवर. डोळ्यांसमोरच्या विंडोला त्याचा पत्ताही नसतो. दुसरी विंडो उघडताना तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये पहिल्या विंडोचा संदर्भ द्या आणि त्याच्यावर मेथड कॉल करा.

याचाच दुसरा अवतार: व्हेरिएबलमध्ये ‘न्यू जेपॅनेल’ ठेवलं आणि पॅनेल बदलला असं समजलं. व्हेरिएबल आता नव्या पॅनेलकडे बोट दाखवतं, कंटेनर मात्र जुन्यालाच धरून आहे.

ओळखायची युक्ती सोपी आहे. ज्या कंपोनंटवर बदल करताय त्याचं इजशोइंग छापा. फॉल्स आलं तर तुम्ही स्क्रीनवर नसलेल्या वस्तूशी बोलताय. आणि विंडोतल्या कंपोनंटांचं सगळं झाड एकदम बघायचं असेल तर विंडो समोर असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एफ 1 एकत्र दाबा. त्या विंडोतला प्रत्येक कंपोनंट, त्याची जागा आणि आकार यांच्यासह कन्सोलवर छापला जातो. ही सोय जावातच आहे, वेगळं काही लिहावं लागत नाही. त्या यादीत तुमची ओळ नसेल तर ॲड चुकीच्या जागी झालंय. असेल पण आकार शून्य बाय शून्य असेल तर मांडणी राहिलीय. आकारही ठीक असेल तर वर कोणीतरी झाकतंय. इतक्यात उत्तर मिळतं, आणि तरीही ही कळ फार थोड्या लोकांना माहीत असते.

जाता जाता: एका कंपोनंटला एकच पालक असतो. एकच लेबल दोन पॅनेलमध्ये ॲड केलं तर ते पहिल्यातून निघून दुसऱ्यात जातं. ‘पहिल्या टॅबवरचं लेबल गायब झालं’ याचं कारण बरेचदा हेच निघतं.

स्क्रोलबार येतच नाही

ओळी वाढत जातात, विंडोच्या खाली निघून जातात, पण जेस्क्रोलपेन ढिम्म. स्क्रोलबार लागतो की नाही हे आतल्या पॅनेलच्या पसंतीच्या आकारावरून ठरतं. तुम्ही सुरुवातीला सेटप्रिफर्डसाइझ करून 600 बाय 400 दिलं असेल, तर पन्नास ओळी झाल्या तरी पॅनेल 600 बाय 400 च सांगत राहतो. ती ओळ काढून टाका, लेआउट मॅनेजर हिशेब स्वतः करेल. लेआउट नल करून (म्हणजे लेआउट मॅनेजरच न ठेवता) सेटबाउंड्सने ओळी ठेवल्या असतील तर हिशेब करणारंच कुणी उरत नाही.

नल लेआउटचा मराठी फॉर्ममध्ये आणखी एक तोटा होतो. लॅटिन अक्षरांच्या मापाने 16 पिक्सेल उंची दिलेल्या लेबलात ‘कॉर्पोरेशन’, ‘वीज’, ‘दुर्मीळ’ असे शब्द आले की वरची वेलांटी, रफार किंवा खालचा उकार कापला जातो. उंची फॉन्टनुसार ठरू दिली की हा प्रश्न उरत नाही.

लेबल बदलत नाही, एकदम शेवटचंच दिसतं

बटण दाबल्यावर लेबलवर ‘माहिती आणत आहे’ यायला हवं, मग डेटाबेसमधून नोंदी येतील, मग ‘पूर्ण’. प्रत्यक्षात विंडो काही सेकंद गोठते आणि थेट ‘पूर्ण’ दिसतं. प्रोग्रेसबारही शून्यावरून एकदम शंभरावर उडी मारतो. लेबलचा रोग दुसरीकडे आहे असं वर म्हटलं तो हा.

स्विंगमध्ये क्लिक हाताळणं, मांडणी करणं आणि रंगवणं ही सगळी कामं एकाच थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एकाच धाग्यावर), एकामागून एक होतात. त्याला इव्हेंट डिस्पॅच थ्रेड म्हणतात. तुमचा ॲक्शन लिसनरही त्याच थ्रेडवर चालतो. सेटटेक्स्टने ‘रंगवा’ अशी नोंद रांगेत घातली खरी, पण रांग पुढे सरकायला तुमचा लिसनर आधी संपायला हवा. तो डेटाबेसची वाट बघत बसलाय, किंवा कुणीतरी आत थ्रेड.स्लीप लिहिलंय. लिसनर संपेपर्यंत लेबलचा मजकूर पुन्हा बदललेला असतो, म्हणून शेवटचाच दिसतो. इथे रिपेंटचा काही उपयोग नाही. तेही त्याच रांगेत जाऊन उभं राहणार.

विंडो गोठलेली असताना जेस्टॅक (कोणता थ्रेड काय करतोय ते दाखवणारं जावाचं साधन) चालवून ‘एडब्ल्यूटी-इव्हेंटक्यू-0’ नावाचा थ्रेड शोधा. तो कोणत्या मेथडमध्ये अडकलाय ते तिथे ओळीनिशी दिसतं. नेटवर्कवरून वाचण्याच्या किंवा डेटाबेसच्या एखाद्या कॉलमध्ये अडकलेला दिसला की शंका राहत नाही.

उपाय स्विंगवर्कर. जावा 6 पासून तो जावाबरोबरच मिळतो. वेळखाऊ काम डूइनबॅकग्राउंडमध्ये लिहायचं, मधली प्रगती पब्लिशने पाठवायची. ती प्रोसेसमध्ये मिळते आणि प्रोसेस इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर चालत असल्यामुळे तिथे लेबल, टेबल काहीही बदलता येतं. प्रोसेसला एक आकडा न मिळता यादी मिळते, कारण लागोपाठचे पब्लिश एकत्र केले जातात. प्रोग्रेसबारसाठी त्या यादीतला शेवटचा आकडा घ्या. डूइनबॅकग्राउंडच्या आत मात्र कोणत्याही कंपोनंटला हात लावू नका. तसं केलेला कोड बहुतेकदा चालतो आणि तोच धोका आहे. तुमच्या मशीनवर चाललेला प्रोग्रॅम ग्राहकाच्या मशीनवर आठवड्यातून एकदा टेबल रंगवताना एक्सेप्शन फेकतो, आणि ते पुन्हा घडवून दाखवता येत नाही.

फक्त दर सेकंदाला घड्याळ बदलायचं असेल तर वर्कर नको, स्विंगचा टायमर पुरतो. इम्पोर्ट करताना युटिल पॅकेजमधला टायमर येत नाही ना ते बघा. त्या टायमरचं काम वेगळ्या थ्रेडवर चालतं.

टेबल, यादी, झाड

इथे रिव्हॅलिडेट-रिपेंटचा विषयच येत नाही, इथे मॉडेल (टेबलमागचा डेटा धरणारा ऑब्जेक्ट) बदलायचं असतं. डिफॉल्टटेबलमॉडेलवर ॲडरो केलं की टेबल स्वतःहून बदलतं. स्वतःचं ॲबस्ट्रॅक्टटेबलमॉडेल लिहिलं असेल तर आतल्या यादीत नोंद घातल्यावर फायरटेबलरोजइन्सर्टेड म्हणायला विसरू नका. जेट्रीमध्ये नोडवर थेट ॲड न करता मॉडेलच्या इन्सर्टनोडइंटूने घाला. टेबलला सॉर्टिंग लावलं असेल तर निवडलेल्या ओळीचा क्रमांक कन्व्हर्टरोइंडेक्सटूमॉडेलमधून काढूनच डिलीट करा, नाहीतर दिसते एक आणि पुसली जाते दुसरीच.

अपडेटयूआय या मेथडबद्दलही सांगतो, कारण नावावरून ती याच कामाची वाटते. तिचं काम लुक अँड फील बदलल्यावर कंपोनंटचं रूप नव्याने बसवणं हे आहे. त्या ओघात रिव्हॅलिडेट आणि रिपेंट होतात, म्हणून तिने प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. माझ्या मते जिथे ती रिफ्रेश म्हणून लिहिलेली सापडेल तिथून काढून टाकावी आणि जोडी लिहावी.

वर्करबद्दलचे दोन त्रास राहिले. डूइनबॅकग्राउंडमध्ये एक्सेप्शन आलं तर ते कन्सोलवर छापलं जात नाही, आत धरून ठेवलं जातं. लेबल ‘माहिती आणत आहे’ वरच थांबलं आणि एररही नाही, असं झालं की डनमध्ये (काम संपल्यावर चालणारी वर्करची मेथड) गेट कॉल करा. अडकलेलं एक्सेप्शन तिथे एक्झिक्युशनएक्सेप्शनच्या रूपात बाहेर येतं, आणि खरं कारण त्याच्या गेटकॉजमध्ये असतं. दुसरं म्हणजे, पहिल्या क्लिकला सगळं नीट आणि दुसऱ्या क्लिकला काहीच नाही, असं असेल तर वर्कर फील्डमध्ये ठेवून तोच पुन्हा एक्झिक्यूट होतोय का ते बघा. एक वर्कर एकदाच चालतो. प्रत्येक क्लिकला लिसनरच्या आत नवा वर्कर बनवा, आणि तो चालू असेपर्यंत बटण डिसेबल करून डनमध्ये पुन्हा सुरू करा.